पंचेचाळिसावा दिवस

वागळे इस्टेट, ठाणे
३ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला ना पत्र ना फोन, आणि आता लिहितो आहे तेही कामापुरते. यावर तू जे काही ऐकवशील ते मला आधीच मान्य आहे. गुडघा आहे तसाच आहे, बाकी प्रकृती ठीक. विषय आपल्या तिघांतल्या तिसऱ्याचा, त्याच्याकडे थकलेल्या माझ्या बिलाचा असल्यामुळे तो दुसऱ्या कोणापाशी काढण्यात अर्थ नव्हता.

मार्चअखेरीस त्याचा फोन आला. "विन्या, तुझी उद्यम नोंदणी मागे घे, नाहीतर डिसेंबरचे बिल रद्द करून एप्रिलच्या तारखेचे दे. माझा सीए ऐकत नाही." इतक्या गोड आवाजात तो यापूर्वी फक्त तुझी स्कूटर मागताना बोलला होता.

त्याच्या सीएचे काही चुकलेले नाही. उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी नोंदणी. अशा सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे देणे ठरलेल्या मुदतीत दिले नाही आणि ते ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देशील त्या वर्षी धरायचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू आहे. मुदत म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि असेल तर फार तर ४५. त्याच्या खरेदी आदेशावर ऐटीत ९० दिवस छापलेले आहेत, पण ते छापून काही साधत नाही.

आता माझ्या वहीतले त्याचे पान पाहा. संगणकावर हिशेबाचे टॅली आहेच, तरी उधारीची वही मी अजून हातानेच लिहितो, कारण कोणाचे किती दिवस झाले हे मला एका नजरेत दिसावे लागते. माल ४,२०,०००, जीएसटी १८ टक्क्यांनी ७५,६००, एकूण ४,९५,६००. चलनावर त्याच्या स्टोअरकीपरचा शिक्का आणि 'माल मिळाला, १० डिसेंबर' अशी सही. पुढच्या रकान्यात पंचेचाळिसावा दिवस, २४ जानेवारी. त्याच्या पुढचा रकाना, पैसे जमा झाल्याची तारीख, कोरा.

कर मात्र पैशांची वाट पाहत नाही. डिसेंबरचे बिल म्हणजे २० जानेवारीच्या आत जीएसटी भरणे आले, आणि उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. पितळी बारांच्या खरेदीवर आधीच दिलेल्या जीएसटीचे क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम मी घरखर्चाची उचल थांबवून भरली. माझे बिल त्याच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या त्याच्या क्रेडिटच्या यादीत, दिसताच त्याने त्या ७५,६०० चे क्रेडिट घेतलेसुद्धा. म्हणजे माल त्याच्याकडे, क्रेडिट त्याच्याकडे, आणि बिल रद्द करायचे मी! ते रद्द करायचे तर मला क्रेडिट नोट काढावी लागेल, त्याला घेतलेले क्रेडिट परत करावे लागेल, आणि डिसेंबरात गेलेला माल कागदावर एप्रिलमध्ये पोचवण्याचा खोटेपणा वर राहीलच. हे त्याला समजावले, तर म्हणाला, "मैत्रीत कसल्या तारखा काढतोस?"

हे वाक्य आपण गोखले रोडवरच्या आकाशकंदिलांच्या स्टॉलवर ऐकलेले आहे. गल्ल्यातून त्याने पैसे उचलले आणि तू रोजमेळात 'हातउसने' म्हणून त्याचे नाव टाकलेस, तेव्हा तो दोन महिने तुझ्याशी बोलला नव्हता. त्या वेळी मी त्याची बाजू घेतली होती. हसू नकोस. त्या रोजमेळात चौदा रुपयांचा फरक तुझ्याच बेरजेचा होता, हे मी आजही म्हणेन.

खरी काळजी पुढे आहे. माझे जवळजवळ निम्मे काम त्याचे आहे. लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला तर कायदा माझ्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. पण त्या अर्जानंतर त्याचा पुढचा खरेदी आदेश येणार नाही, आणि लेथवरच्या दोघांचा पगार त्या कामावर चालतो. आमच्या सीएने वर्षाचा नफा चांगला दाखवला, तेव्हा बँकेत वीजबिलापुरतेही नव्हते. नफ्यातला मोठा तुकडा याच पानावर अडकलेला आहे. रात्री दीड वाजता मी मनातल्या मनात त्याचे पान वजा करून पुन्हा ताळेबंद मांडतो.

अर्ज तूर्त करत नाही, आणि नोंदणीही मागे घेणार नाही. काल त्याला ३१ मार्चच्या शिलकेचे पत्र पाठवले आहे: बिल क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख, येणे रक्कम आणि खाली त्याच्या सहीसाठी जागा. नव्या मालाला निम्मी रक्कम आगाऊ हवी, हेही त्यात लिहिले आहे. ते लिहिताना हात जड झाला, हे फक्त तुला सांगतो.

वहिनींची बदली नाशिकलाच झाली हे बरे झाले. मुक्ताला दहावीच्या निकालासाठी शुभेच्छा. तुझ्या दुकानाचा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला तिमाही कर १८ तारखेपर्यंत भरायचा आहे, ते तेवढे पाहा.

तो तुला फोन करणारच. माझी बाजू मांडू नकोस, समेटही घडवू नकोस. पत्रावर सही कधी करतोस, एवढेच विचार, आणि तो काय म्हणाला ते मला जसेच्या तसे कळव.

तुझा,
विनायक