छतावरचे सौर संच खान्देशच्या उन्हा-वादळाला टिकणारे हवेत

संपादक महोदय,

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरांवर सौर संच बसवून घेणारे वाढत आहेत आणि ते आणखी वाढावेत, असे मला मनापासून वाटते. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, त्यामुळे इथल्या उन्हातून वीज मिळेल का, ही शंका आता कोणी घेत नाही. मात्र ग्राहक आणि संच बसवणारे यांच्यातील सारे बोलणे अनुदानाभोवती फिरते. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये, हा हिशेब आता सगळ्यांना पाठ आहे. तो संच आपल्या छतावर कसा उभा राहणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे कडक ऊन आहे, तेव्हा वीजही भरपूर तयार होणार, असे पुष्कळ जण धरून चालतात. पॅनलला प्रकाश हवा असतो. उष्णता त्याला मारक असते. पॅनलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. भुसावळ किंवा जळगावला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास हवेचे तापमान ४३-४४ अंशांवर गेले, की उन्हात तापलेले पॅनल सहज ६५ अंशांच्या पुढे जाते, म्हणजे ऐन दुपारी बारा ते सोळा टक्के वीज केवळ उष्णतेपायी जाते. ही घट पूर्ण टाळता येणार नाही, पण पॅनलखालून वारा खेळता ठेवला तर ती बरीच कमी करता येते. प्रत्यक्षात अनेक पत्र्याच्या छतांवर पॅनल पत्र्याला जवळजवळ चिकटवून बसवलेले दिसतात. पत्रा आणि पॅनल यांच्यात चार बोटांचेही अंतर नसते, खालून तापलेला पत्रा आणि वरून सूर्य अशा कात्रीत पॅनल दिवसभर भाजत राहते. लोखंडाचे दोन पाइप वाचतात आणि त्याची किंमत ग्राहक पुढची पंचवीस वर्षे मोजतो.

स्लॅबच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. खान्देशात उन्हाळ्यातली गच्ची म्हणजे घरातली आणखी एक खोलीच असते. चैत्र-वैशाखात तिथे बिबडे, उडदाचे पापड, शेवया वाळत घातल्या जातात आणि रात्री अंथरुणे पडतात. त्यामुळे घरातल्या बायकांचा आग्रह असतो, की सांगाडा माणूस खालून सहज फिरेल इतका उंच हवा. हा आग्रह अगदी रास्त आहे आणि वारा खेळता राहत असल्याने तो पॅनललाही मानवतो. मात्र उंच सांगाड्यावर वाऱ्याचा जोरही अधिक येतो. मे-जूनमधल्या ज्या वादळात रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात हा सांगाडा उभा राहायचा आहे. त्यासाठी जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप, तिरके आधार आणि स्लॅबवर सळई घेऊन ओतलेले काँक्रीटचे ठोकळे हवेत. स्लॅबला भोके पाडून नुसते बोल्ट आवळले, तर पहिल्या पावसाळ्यातच खालच्या खोलीचे छत ओले होते. आमच्या भागात हे घडलेले मी पाहिले आहे आणि संच बसवणारा त्यानंतर फोन उचलेनासा झाला. वास्तविक या योजनेत पाच वर्षे देखभाल करणे बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे.

पाण्याच्या टाकीच्या सावलीबद्दलही सांगायला हवे. पॅनल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असल्यामुळे एकावर पडलेली सावली बाकीच्यांचे उत्पादनही खाली ओढू शकते, म्हणून जागा ठरवण्यापूर्वी हिवाळ्यातली लांब सावली कुठवर जाते, ते पाहणे आवश्यक आहे. काळ्या मातीची धूळ तर आपल्याकडे बारमाही आहे. जिनिंगच्या आणि दालमिलच्या शेडवर तीत कापसाच्या तंतूंची आणि भुश्शाची भर पडते. उद्योगांना हे अनुदान मिळत नाही, पण त्यांचा विजेचा दर जास्त असल्याने सौर वीज त्यांनाही परवडते. मात्र धुण्याची व्यवस्था पहिल्या आराखड्यातच धरली नाही, तर पुढे त्या शेडवर कोणी चढत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरा थर बसतो, तेव्हा शक्य असेल तिथे गोडे पाणी वापरावे आणि काच थंड असताना, पहाटेच धुवावे.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. बॅटरी नसलेला साधा संच लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो. छतावरची वीज तारांत उलटी गेल्यास खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका असतो, म्हणून पॅनलची वीज घरच्या वापरायोग्य करणारा संचातला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो आणि ते योग्यच आहे. पण भारनियमनातून सुटका होईल, या आशेने कर्ज काढणाऱ्या माणसाला हे संच बसल्यावर कळावे, ही त्याची फसवणूकच आहे.

महावितरणला माझी विनंती आहे, की घरात आलेली आणि बाहेर गेलेली अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर बसवताना मीटर आणि कागदपत्रांबरोबर पत्र्यापासूनचे अंतर, सांगाड्याची बांधणी, टाकीची सावली, तसेच डीसी (पॅनलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांची तीन स्वतंत्र अर्थिंग यांचीही तपासणी व्हावी. तिचे मराठीतील एक पानी तपासणीपत्र बसवणाऱ्याच्या सहीसह ग्राहकाला मिळावे आणि देखभालीच्या पाच वर्षांत तक्रार कोणाकडे करायची, त्या तालुक्यातील अधिकाऱ्याचे पदनाम त्यावर छापलेले असावे. अनुदानाचा पैसा जनतेचा आहे, तो देण्यापूर्वी इतके पाहणे शासनाला अवघड नाही. हे काम वादळाचा हंगाम सुरू होण्याआधी, निदान मार्चअखेरपर्यंत हाती घेतले जावे.

— एक वीजग्राहक, चोपडा (जि. जळगाव)