गळ्यातली गाठ आणि तुझा सीटीचा आग्रह

सोलापूर

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

'पुण्याला ये, सीटी करू, लागलं तर पेट स्कॅनही करू,' असं तू काल म्हणालास. तुझा जीव तुटतो, ते कळतं रे. पण फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

सात रस्त्याजवळच्या सेंटरमध्ये माझ्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सोनोग्राफी झाली. खांद्याखाली उशी, डोकं मागे, गळ्यावर गार जेली. माप घेताना डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काकू, आता आवंढा गिळू नका." गाठ ग्रंथीच्या डाव्या बाजूला आहे, १२ मिलिमीटर, शेंगदाण्याएवढी. मानेतल्या लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथीही त्यांनी पाहिल्या, त्या ठीक आहेत.

मग स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी एकेक दाखवलं. गाठ भरीव की पाण्याची, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट आहे का, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, आडवी की उभी वाढलेली, आत चुन्याचे बारीक पांढरे ठिपके आहेत का. प्रत्येकाला गुण असतात. माझी भरीव म्हणून २, काळपट म्हणून २, बाकी सगळं शून्य. बेरीज ४, म्हणून टायरॅड्स ४, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याची श्रेणी. हा आकडा वाचून तू हबकलास ना? बाळा, ती कॅन्सरची स्टेज नव्हे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने २०१७ मध्ये हे कोष्टक काढलं. त्यात या श्रेणीच्या गाठीला १५ मिलिमीटरपासून सुईची तपासणी (सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं) सांगितली आहे. १० ते १५ मधली असेल तर वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. मी त्यात बसते.

गाठीच्या आतलं हे बारीक काम सीटीत दिसत नाही. गलगंड छातीच्या हाडामागे उतरला किंवा श्वासनलिका दाबू लागला, तर सीटी हवीच. शिवाय सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडिन असतं. ते घेतलं की किरणोत्सारी आयोडिनची तपासणी किंवा उपचार काही आठवडे पुढे ढकलावे लागतात. किरणोत्सारी द्रव्य देऊन करायचा न्यूक्लिअर स्कॅन टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, रक्तात मोजतात) कमी असेल तर करतात, माझा नॉर्मल आहे. आणि पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचून फोटो काढतात, त्यात साध्या गाठीही उजळतात. तशी उजळली की सुई, मग ऑपरेशनची चर्चा, आणि घरभर काळजी.

दक्षिण कोरियात लोक सरसकट गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. १९९३ ते २०११ या काळात तिथे थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. किती जणांच्या ग्रंथी काढल्या असतील! पुढे जन्मभर सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. विनाकारण ते मला नको आहे.

आवाज बसला, गिळायला त्रास झाला किंवा गाठ हाताला मोठी लागली, तर वर्षभर थांबणार नाही, लगेच दाखवेन. हा शब्द घे. रिपोर्ट आणि फिल्म कपाटात वरच्या खणात ठेवली आहे, पुढच्या वेळी मापं ताडून बघायला लागेल. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला सूनबाईंना घेऊन ये, तेव्हा माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल आणि तुला काय विचारायचं ते तोंडावर विचार.

तुझी,
आई