घाटात बंद पडलेल्या गाडीविषयी, सोनूस

कोल्हापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

दाजी उद्या रत्नागिरीला येतायत. त्यांच्याकडे डबा, पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा रिले आणि दोन-चार फ्यूज देतोय. हे पत्र गाडीच्या खणात ठेव. फोनवरच सांगितलं असतं, पण परवा रात्री तू आंबा घाटात अडकलीस हे कळल्यापासून माझा आवाज चढतो आणि तू "ठेवते" म्हणतेस.

चहाला थांबलीस, परत सेल मारलास, सेल फिरतोय पण गाडी चालू होत नाही. अर्ध्या तासाने आपसूक चालू झाली. तापली की बंद, थंड झाली की चालू, हे दुखणं गॅरेजात नेलं की दिसत नाही. बंद पडते तेव्हाच ते पकडावं लागतं, आणि तेव्हा गाडीपाशी तू एकटी असणार. अंधार पडल्यावर घाट नको, हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

सेल खणखणीत फिरतोय ना, मग स्टार्टरला बोल लावू नकोस. इंजिनाला एकतर पेट्रोल मिळत नाही, नाहीतर ठिणगी. काचा वर घे, नुसती चावी ऑन कर आणि कान दे. मागून, टाकीतून, दोन-तीन सेकंद पंप गुणगुणला पाहिजे. आवाज नाही आला तर आधी फ्यूज बघ, मग रिले बदल. दाजी आले की रिलेची जागा एकदा उजेडात बघून घे. पंप चालतोय तरी गाडी पेट घेत नसेल, तर माझा संशय ठिणगीच्या कॉइलवर किंवा इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरवर. दोन्ही तापल्यावर दगा देतात. पेट्रोलचा वास सुटला असेल तर थोडी थांब, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मार. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये अर्धा मिनिट जाऊ दे, नाहीतर बॅटरी उतरेल. आणि सेल एकाएकी हलका, भुर्रकन फिरायला लागला तर तिथंच थांब. टायमिंग बेल्ट गेला असेल. मग रात्रीच्या वेळी रस्त्यावर उभं राहून काही करायचं नाही, मिळेल त्या एसटीत बसायचं.

बघ, परत तेच. रागावू नकोस.

उद्यमनगरातल्या शेडमध्ये ऑइल इंजिन खोलून बसलो की तू पलीकडे पोत्यावर बसायचीस. दहा-अकराचा पाना मागितला की तोच हातात यायचा, बारा-तेराचा कधी आला नाही. हात काळे, फ्रॉक काळा, आणि आई दोघांनाही घरात घ्यायची नाही. परवा बोनेट उघडून, मोबाईलच्या उजेडात तू बॅटरीची टर्मिनल हलवून बघितलीस, हे मी अख्ख्या शेडला सांगितलं. घाबरली नाही पोरगी, म्हटलं. पाऊस होता, धुकं होतं, शेजारी कोण उभं होतं, हे तू अजून नीट सांगितलेलं नाहीस. आईला तर घाटाचं नावच काढलेलं नाही.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. आपल्या गाडीचा काटा चढाला खोटं बोलतो.

रविवारी येणार असशील तर कॉइल मी स्वतः काढून बघतो. सकाळी निघ. साखरप्याला फोन कर, मलकापूरला परत कर.

तुझे,
बाबा