हुमणीची बुरशी दुकानातच मरते

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीवर मेटारायझियम ही बुरशी चांगली चालते. तिचे बीजाणू (बीजासारखे सूक्ष्म कण) अळीच्या कातडीला चिकटून रुजतात, आत शिरतात; मेलेल्या अळीवर पुढे हिरवी बुरशी दिसते. ही विद्या काही आजची नाही. रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्येच दाखवले होते. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात तापत पडलेल्या या बुरशीच्या पाकिटात बीजाणू जिवंत राहणार कसे? मग शेतकरी म्हणतो, 'जैविक औषधाला गुण नाही.' कृषी विभागाने विक्रेत्यांकडची साठवण तपासावी. शिवाय हे औषध ओल्या जमिनीत, शेणखतातून, संध्याकाळी द्यावे; बुरशीनाशकासोबत नको, हे पाकिटावर ठळक मराठीत छापायला लावावे.

— एक ऊस उत्पादक, मोहोळ (जि. सोलापूर)