पाल्याची बेगमी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मातीशी नाळ जोडणारा लेख वाचला. लहानपणी विहिरीत पोहलेली, चिंचा पाडलेली मुलं मोठेपणी आपसूक पर्यावरण जपतात म्हणे. गोड कल्पना आहे. आमच्या सोसायटीतले निम्मे सभासद असेच विहिरीत पोहलेले, तरी ऑगस्टमध्ये खतखड्ड्याचा वास चौथ्या मजल्यापर्यंत जातो.

लेखात उकिरडा आलाय, पण कोंबड्यांच्या देखाव्यापुरता. त्याचं खत कसं व्हायचं, याला बहुधा जागा उरली नसावी. शेणाच्या जोडीला गव्हाणीतलं चघाळ, काड, पाचोळा, चुलीतली राख पडायची. ओल्याला कोरडं मिळायचं. शहरातला ओला कचरा म्हणजे देठं, साली, शिळा भात, बहुतेक पाणीच. बादलीभर ओल्यावर बादलीभर सुका पाला हवा, भात-आमटी जास्त असेल तर दीड. नाहीतर ढीग दबतो, आतली हवा संपते आणि तो कुजण्याऐवजी सडतो. मूठभर माल पिळून पाहावा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला कमी, हात कोरडा राहिला तर पाणी कमी. आठवड्यातून एकदा खालीवर करायचा. मध्ये हात घालवत नाही इतका तापला, की समजावं चाललंय बरोबर. अळ्या दिसल्या म्हणून फिनेल ओतणाऱ्यांपुढे तर हात टेकले! अळ्या कचराच खातात. फिनेलनं कुजवणारे जिवाणूही मरतात आणि ढीग गार पडतो.

खरी मेख वेगळीच आहे. पर्जन्यवृक्षाचा पाला पडतो फेब्रुवारी-मार्चात आणि लागतो जुलैत. गावाकडे कडबा, सरपण, गोवऱ्या पावसाआधी कोरड्यात जायच्या. बालपणातून उचलायची होती ती ही बेगमी. आमच्याकडे मार्चात भल्या पहाटे कोपऱ्यात ढीग करून काडी लावतात. कचरा असा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांत मनाई आहे. पण सांगायला गेलं की उत्तर तयार, "आमच्या मुळशीत पाला जाळतातच की!" अहो, तो राब. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पाला, टहाळं पसरून भाजतात, तणाचं बी मरावं आणि राख रोपाला मिळावी म्हणून. पार्किंगमध्ये आपण कोणता भात लावणार आहोत?

वीस घरांचा ओला कचरा रोज साधारण एक मोठी बादली धरा. जून ते सप्टेंबरला तीस-पस्तीस पोती दाबून भरलेला पाला पुरतो. गच्चीवर टाकीखाली, ताडपत्री घालून राहतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तशीच चालतात. आंबा, वड, बदामाची चुरावी लागतात, नाहीतर थर एकमेकांना चिकटून हवा अडते.

जाता जाता एक. पाला संपला तर वर्तमानपत्राचे कपटे चालतात, तुमच्या रोजच्या अंकाचे आम्ही वापरतोही. पण निसर्गप्रेमाचा हा लेख नेमका चकचकीत कागदावर छापलात. तो पाणी शोषत नाही, महिन्याभरानं ढिगातून जवळपास जसाच्या तसा निघतो, रंगीत चिंचेच्या झाडासकट. ही पुरवणी साध्या कागदावर काढता येणार नाही का?

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे