खडबडीत बाजू दिव्याकडे

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

दिव्यावरच्या शीटमधून उजेड किती पसरतो हे तुम्ही मोजून दिलंत, त्याबद्दल फोनवर आभार मानले होते, पण ठेवल्यावर वाटलं, नीट बोललोच नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

काम वरुडच्या संत्रा ग्रेडिंग शेडमधल्या दिव्याचं. मेण लावलेल्या सालीवर एलईडीचा एकेक ठिपका उमटतो आणि निवडणाऱ्या बायांना डाग कुठला, चमक कुठली हे कळत नाही. उजेड पसरवून ठिपके घालवायला 3 मिमीची, एका बाजूने मॅट असलेली दुधी ॲक्रिलिक शीट. विकणाऱ्याकडे माहिती एकच, "60 टक्के प्रकाश पार होतो." किती अंशांत पसरतो विचारलं की फोन बंद. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्यांनी किरणांचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'लॅम्बर्शियन' (कुठूनही पाहिलं तरी सारखीच उजळ दिसणारी आदर्श पसरण) निवडून दिलं. कॉम्प्युटरवर उजेड सपाट, शेडमध्ये ठिपके जसेच्या तसे. लॅम्बर्शियन पसरणीत तीव्रता 60 अंशांना निम्मी होते. तुम्ही शीटचा तुकडा मोजून दिलेल्या आकड्यांत ती 35 अंशांनाच निम्मी झाली आहे. म्हणजे बराच प्रकाश सरळच निघतो.

हे आकडे तुम्ही 50 सेंटिमीटरची दोरी, खडू आणि लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन, रात्री खोलीत अंधार करून काढले. दर 5 अंशांवर एक, 0 ते 85, अठरा नोंदी. मीटर वर्तुळावर फिरवून कायम तुकड्याकडे रोखला, म्हणून कोनाची दुरुस्ती करावी लागली नाही. सपाट भिंतीवर मोजलं असतं तर कोसाइनच्या घनाने भागावं लागलं असतं.

पण खरे आभार पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीचे: "खडबडीत बाजू दिव्याकडे." कोणी विचारलं नव्हतं. लहान कोनांत बाजू बदलून फारसा फरक पडत नाही. मोठ्या कोनांत पडतो, कारण ॲक्रिलिकमधून हवेत निघताना जो किरण उंचवट्याच्या पृष्ठाला 42 अंशांपेक्षा तिरपा लागतो तो परत आत वळतो. ही ओळ नसती तर कॉम्प्युटरमधल्या मॉडेलमध्ये शीट उलटी बसली असती आणि चूक महिनाभर शोधावी लागली असती. मोजणाऱ्याला जे दिसतं ते वाचणाऱ्याला दिसत नसतं, हे ध्यानात ठेवणारी माणसं किती कमी भेटतात, भाऊ! पदवी असो नसो, हीच माणसं कामाची.

तुमच्याच सांगण्यावरून आणखी एक चूक सापडली. मोजलेले आकडे अख्ख्या शीटचे, त्यात दोन्ही पृष्ठांवरचं वक्रीभवन आलेलंच आहे. तेच मॉडेलमध्ये 1.49 वक्रीभवनांकाच्या (ॲक्रिलिकच्या) जाड ठोकळ्याच्या एका पृष्ठावर लावले की वक्रीभवन दुसऱ्यांदा मोजलं जातं, शिवाय पृष्ठामागे 4 टक्के प्रकाश परावर्तनात जास्तीचा जातो. आता शून्य जाडीचं एकच पृष्ठ ठेवलं, दोन्हीकडे हवा. एकूण प्रकाशाची बेरीज करताना प्रत्येक नोंदीला कोनाच्या साइनने गुणलं. नाहीतर शून्य अंशाजवळच्या नोंदींचं वजन उगाच वाढतं.

किरणही वाढवले. मॉडेलमधला डिटेक्टर म्हणजे उजेड मोजणारी चौकोनांची जाळी. तिच्या एका चौकोनात 10,000 किरण पडले तर खळखळ, म्हणजे आकड्यातला योगायोगाचा चढउतार, 1 टक्क्यावर येते. ती निम्मी करायची तर किरण चौपट. म्हणून डिटेक्टर 100 गुणिले 100 ऐवजी 25 गुणिले 25 चौकोनांचा केला. 10 कोटी किरणांचं काम सुमारे 63 लाखांत भागलं, जुन्या लॅपटॉपवरही. आता कॉम्प्युटरवर ठिपके दिसतात, शेडमध्ये दिसतात तिथेच. एलईडी आणि शीटमधलं अंतर किती वाढवायचं ते त्यावरूनच ठरतंय.

तुमचा तुकडा एसटीच्या पार्सलने परत पाठवतोय. खडबडीत बाजूला मार्करने खूण केली आहे.

आपला,
वरुडचा एक दिवेवाला