मॅक्झिमम लोडची घाई नको

संपादक साहेब,

मोठ्या शिकारीच्या रायफलची काडतुसं स्वतः भरण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण गोळीच्या वेगावर भरभरून लिहिलंय आणि प्रेशरवर, म्हणजे बार उडताना काडतुसात तयार होणाऱ्या दाबावर, दोनच ओळी, ते खटकलं म्हणून लिहितोय. काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधला मॅक्झिमम लोडचा, म्हणजे जास्तीत जास्त पावडरचा, आकडा त्यांच्या टेस्ट बॅरलचा असतो, आपल्या रायफलचा नाही, त्यामुळे मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग लोडपासूनच (सुरुवातीची कमी पावडर) थोडं थोडं वर जायचं आणि गोळी, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) काहीही बदललं की परत खाली यायचं. बार उडवल्यावर बोल्ट (रायफलची मागची खिट्टी) उचलायला जड गेला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) चकचकीत ठसा दिसला की प्रेशर जास्त झालंय समजून तिथेच थांबा, प्रायमर चपटा दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नसतं.

माझा पावडर तोलायचा काटा एकदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता आणि मला कळलंच नाही, गोळ्या बसवायच्या आधी ट्रेवर टॉर्च मारला तर एका पुंगळीत पावडर बाकीच्यांपेक्षा वर दिसली, सगळ्या 20 रिकाम्या करून परत भरल्या. टॉर्च मारायची ही सवय कृपया सगळ्यांनी लावून घ्या, आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा.

सेकंदाला 50 फूट वेग जास्त मिळाला म्हणून मोठ्या जनावराला काही फरक पडत नाही, गोळी नेमक्या जागी लागली नाही तर मात्र ते जखमी होऊन तडफडत फिरतं.

आपला एक वाचक